लक्तरवाल्यांचा सेनानी : जुझेप्पे गॅरिबाल्डी



मागच्या उन्हाळ्यात मंडळातली आम्ही पाच-सहा कुटुंबे एका रविवारी स्टेटन आयलंडला गेलो होतो. फेरीचा प्रवास फुकट, सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे, आणि पोरांना समुद्र दाखवायचा एवढाच बेत होता. बेटावर एक जुने साधे लाकडी घर आहे. टेलिफोनच्या शोधासंदर्भात ज्यांचे नाव घेतले जाते ते अंतोनियो मेउच्ची तिथे राहत, आणि १८५०-५१ मध्ये त्यांच्याकडे एक पाहुणा मुक्कामाला होता. तो पाहुणा म्हणजे जुझेप्पे गॅरिबाल्डी. आज त्या घराचे संग्रहालय झाले आहे.

मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एका दमात पाठ केलेली. सावरकरांनी मराठीत आणलेले मॅझिनीचे चरित्र १९०७ साली निघाले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले, हेही अनेकांना ठाऊक असेल. त्यामुळे आम्ही मोठी माणसे जुना ओळखीचा भेटल्यासारखी खूश झालो. पण आमच्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलीने आम्हाला कोंडीत पकडले. हा माणूस इटलीचा, तर ब्राझीलमध्ये जाऊन दुसऱ्यांच्या भांडणात का लढत होता, आणि तिथे तो हरला ना, असे तिने विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. इटलीच्या एकीकरणाचे धडे आम्हाला आठवत होते, ब्राझीलचे काहीच नाही. परत आल्यावर आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागले ते आज सर्वांसाठी इथे देत आहोत.

फाशीची शिक्षा आणि परदेश

गॅरिबाल्डीचा जन्म ४ जुलै १८०७ रोजी नीस या बंदरात झाला. वडील किनाऱ्यावर मालाची ने-आण करणाऱ्या छोट्या गलबताचे तांडेल. मुलाने शिकून वकील किंवा पाद्री व्हावे असे घरच्यांना वाटे, पण मुलगा समुद्रावरच रमला आणि १८३२ मध्ये व्यापारी जहाजाचा कप्तान झाला. त्या काळी इटली नावाचा देश नव्हता. लहानमोठी राज्ये होती, आणि उत्तरेचा मोठा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. मॅझिनीच्या 'तरुण इटली' या गुप्त संघटनेत तो सामील झाला. फेब्रुवारी १८३४ मध्ये जिनोव्हात उठाव करायचे ठरले, ते फसले. गॅरिबाल्डी शेतकऱ्याच्या वेषात पळाला आणि फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात पोचला. आपल्याला देहान्त शासन झाल्याची बातमी त्याने तिथल्या वर्तमानपत्रात वाचली. स्वतःचे नाव छापून आलेले त्याने पाहिले ते हे असे.

घरी परतणे आता अशक्य होते. १८३५ च्या अखेरीस तो जहाजाने निघाला आणि रिओ दि जानेरोला उतरला. वय अठ्ठावीस. तिथे त्याच्यासारखे देशाबाहेर पडलेले अनेक इटालियन होते. लुईजी रोझेत्ती नावाचा जिवाभावाचा मित्र मिळाला. दोघांनी एक लहान गलबत घेऊन मालवाहतूक सुरू केली. गलबताचे नाव त्यांनी ठेवले 'मॅझिनी'. धंदा मात्र काही चालला नाही. उधारीवर माल देणाऱ्या दोघा भाबड्यांचे जे व्हायचे तेच झाले.

चिंध्या ज्यांचे निशाण

ब्राझील १८२२ मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला होता, पण १८३१ मध्ये सम्राटाने गादी सोडली आणि मागे राहिला पाच वर्षांचा मुलगा. त्याच्या नावाने राजधानीतून कारभार चाले. अगदी दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सुल हा प्रांत आहे. मैलोन्‌मैल गवताळ माळ, गुरांचे प्रचंड कळप आणि घोड्यावरच वाढलेले 'गाउचो' गुराखी. खारवून वाळवलेले मांस हा तिथला मुख्य धंदा. त्या मांसावर आणि त्यासाठी लागणाऱ्या मिठावर कर होते, आणि शेजारच्या देशांतून येणारे मांस मात्र बाजारात स्वस्त पडे. प्रांताचा प्रमुखही राजधानीतूनच नेमला जाई. लोकांचा संताप साचत गेला आणि २० सप्टेंबर १८३५ रोजी बेन्तो गोन्साल्व्हिस या जमीनदार सेनानीच्या नेतृत्वाखाली बंड झाले. वर्षभरात बंडखोरांनी आपले स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले.

विरोधकांनी त्यांना हिणवून 'फारापोस' म्हटले. फारापो म्हणजे चिंधी, लक्तर. बंडखोरांनी ते नाव अभिमानाने मिरवले. हे भांडण ब्राझीलियन विरुद्ध ब्राझीलियन असे होते. एकाच गावातले, कधी एकाच घरातले लोक दोन बाजूंना होते. ते तब्बल दहा वर्षे चालले.

बेन्तो गोन्साल्व्हिस १८३६ मध्ये पकडला गेला. त्याच्याबरोबर त्याचा इटालियन चिटणीस झांबेकारी हाही तुरुंगात पडला. त्याच्याकडून गॅरिबाल्डीला या लढ्याची माहिती मिळाली. मे १८३७ मध्ये बंडखोर सरकारचा परवाना घेऊन त्याने आपले छोटे गलबत साम्राज्याच्या जहाजांविरुद्ध बाहेर काढले. स्वतःच्या देशात राजाविरुद्ध लढण्याची वाट बंद झाली होती. तेच काम इथे समोर आले तेव्हा त्याने ते परके मानले नाही.

सुरुवात वाईट झाली. जून १८३७ मध्ये प्लाता नदीच्या मुखाशी झालेल्या चकमकीत त्याच्या मानेत गोळी घुसली. कसेबसे तो अर्जेंटिनाच्या ग्वालेग्वाय गावी पोचला, तेव्हा तिथे त्याला स्थानबद्ध केले गेले. पळायचा प्रयत्न फसला आणि मिलान नावाच्या अधिकाऱ्याने त्याला मनगटांना दोर बांधून दोन तास लटकावून ठेवले. पुढे आठ वर्षांनी हाच मिलान गॅरिबाल्डीच्या हाती सापडला. त्याने त्याला हात न लावता सोडून दिले.

बैलांनी ओढलेल्या नौका

सुटका झाल्यावर १८३८ मध्ये तो रिओ ग्रांदेला आला. तिथे समुद्रालगत पातोस नावाचे विशाल खारे सरोवर आहे. नावाचा अर्थ बदकांचे सरोवर. त्याचे समुद्राकडचे तोंड साम्राज्याच्या आरमाराने अडवून धरले होते. गॅरिबाल्डीने सरोवराच्या काठी नौका बांधायला घेतल्या आणि उथळ पाण्यात लपतछपत शत्रूच्या मालवाहू जहाजांवर छापे घातले. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो, तोच इथे पाण्यावर चालला होता.

एप्रिल १८३९ मध्ये एका सकाळी त्याची बहुतेक माणसे लाकडे तोडायला आणि इतर कामांना पांगली होती. मोरिंगे या टोपणनावाचा साम्राज्याचा चलाख अधिकारी शंभराहून अधिक लोक घेऊन अचानक चालून आला. मांस वाळवण्याच्या मोठ्या गोठ्यात गॅरिबाल्डी आणि जेमतेम डझनभर सोबती. बंदुका भरलेल्या होत्या एवढेच नशीब. आतून गाणी म्हणत, ओरडत त्यांनी असा गोळीबार केला की आत पुष्कळ माणसे असावीत असे बाहेरच्यांना वाटले. काही तासांनी मोरिंगेच्या हाताला गोळी लागली आणि तो मागे फिरला. हे मोरिंगे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

बंडखोरांना समुद्र हवा होता आणि सरोवराचे तोंड बंद होते. तेव्हा गॅरिबाल्डीने जुलै १८३९ मध्ये जे केले ते आजही तिकडे सांगितले जाते. प्रचंड चाकांचे गाडे तयार करवले, पाण्यात उतरवून दोन नौकांखाली सरकवले, आणि सुमारे दोनशे बैल जुंपून त्या नौका माळरानातून, चिखलातून समुद्राच्या बाजूला नेल्या. ऐन हिवाळा, पाऊस आणि बोचरा वारा. काही दिवसांनी गाडे पाण्याला लागले आणि नौका तरंगल्या.

पण समुद्रात जाताच वादळ आले. गॅरिबाल्डीची नौका उलटली. तीसपैकी सोळा माणसे बुडाली. त्यात त्याचे सगळे इटालियन सोबती होते. मित्राला वाचवायची त्याने धडपड केली, पण ती फसली. किनाऱ्यावर लागला तेव्हा मातृभाषेत बोलायला त्याच्याजवळ कोणीही उरले नव्हते. आम्ही परदेशात राहणारी माणसे, म्हणूनच असेल, चरित्राच्या या पानापाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

दुसरी नौका जॉन ग्रिग्ज या अमेरिकनाच्या हाती होती, ती वाचली. तिच्या आणि जमिनीवरून आलेल्या सैन्याच्या बळावर २२ जुलैला उत्तरेकडचे लागुना बंदर बंडखोरांनी जिंकले. जुलै महिना म्हणून तिथल्या प्रजासत्ताकाचे नाव ठेवले जुलियाना. हे बंडखोरांच्या यशाचे टोक. ते चार महिनेही टिकले नाही.

अनिता

लागुनाच्या बंदरात जहाजावरून दुर्बिणीने किनारा पाहताना गॅरिबाल्डीला एक तरुणी दिसली. अनिता, वय अठरा. चौदाव्या वर्षी एका चांभाराशी तिचे लग्न लावून दिले होते, ते सुखाचे नव्हते. ती गॅरिबाल्डीबरोबर निघाली ती कायमचीच. त्या काळच्या गावाने काय काय म्हटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

१५ नोव्हेंबर १८३९ रोजी साम्राज्याचे आरमार लागुनावर चालून आले. तोफांच्या माऱ्यात अनिता लहान होडीतून पुन्हा पुन्हा दारूगोळ्याची ने-आण करत होती. ग्रिग्ज मारला गेला. गॅरिबाल्डीने उरलेली जहाजे स्वतःच पेटवून दिली आणि सगळे डोंगराळ मुलखात मागे हटले. जानेवारी १८४० मध्ये कुरितिबानोसच्या लढाईत अनिताच्या घोड्याला गोळी लागली आणि ती पकडली गेली. नवरा मेला असे तिला सांगण्यात आले. तिने रणांगणावर जाऊन प्रेते उलटून पाहिली, तो त्यात नव्हता. रात्री ती निसटली, घोडा मिळवला, पुराने फुगलेली नदी ओलांडली आणि काही दिवसांनी त्याला जाऊन मिळाली. तेव्हा ती गरोदर होती.

१६ सप्टेंबर १८४० रोजी मुलगा झाला, मेनोत्ती. बारा दिवसांनी रात्री शत्रूचा छापा पडला. नवरा बाहेरगावी. बाळंतीण तान्ह्याला छातीशी धरून घोड्यावर बसली आणि जंगलात शिरली. रोममध्ये यानिकुलम टेकडीवर अनिताचा पुतळा आहे. उधळलेला घोडा, एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात बाळ. तो पाहिला असेल, तर त्यामागची हकीकत ही आहे.

त्यानंतरची माघार फार हालांची होती. पाऊस, थंडी, उपासमार, घनदाट अरण्य. गॅरिबाल्डीने मेनोत्तीला गळ्यातल्या रुमालात बांधून छातीशी धरले होते आणि श्वासाने ऊब देत होता. अनेक बायकामुले त्या वाटेवर राहिली. रोझेत्तीही याच सुमारास, नोव्हेंबर १८४० मध्ये, लढताना पडला. बंडखोरांचे वर्तमानपत्र तो चालवत असे. आमच्यासारख्या पत्रिका काढणाऱ्यांना त्याच्याबद्दल जरा अधिकच आपुलकी वाटली, हे कबूल करतो.

डाग

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण मुलांना सांगायची तर सगळीच सांगायला हवी.

लागुनाजवळचे इमारुई गाव बंडखोरांवर उलटले, तेव्हा सेनापती कानाबारोने गॅरिबाल्डीला त्याला धडा शिकवण्याचा हुकूम दिला. त्याने हुकूम पाळला. त्याच्या माणसांनी गाव लुटले, दारू पिऊन धिंगाणा घातला, त्याला ते आवरता आले नाही. या कृत्याची लाज त्याला जन्मभर वाटत राहिली आणि आठवणी लिहिताना त्याने ती लपवली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून काळी. बंडखोरांच्या सैन्यात काळ्या भालाइतांची पथके होती. हे गुलाम होते. लढा, मग स्वातंत्र्य मिळेल, असे त्यांना सांगितलेले होते. त्यांच्या शौर्याची गॅरिबाल्डीने मनापासून स्तुती केली आहे. पण बंडाचे पुढारी स्वतः गुलाम बाळगणारे जमीनदार होते आणि गुलामगिरी त्यांनी कधी रद्द केली नाही. तहाच्या वाटाघाटी सुरू असताना, १४ नोव्हेंबर १८४४ रोजी, पोरोन्गोस येथे या भालाइतांच्या छावणीवर पहाटे हल्ला झाला. त्यांच्याजवळची काडतुसे आधीच काढून घेतली होती. शंभरावर माणसे मारली गेली. हल्ला करणारा तोच मोरिंगे आणि छावणीचा सेनापती तोच कानाबारो. हे दोघांनी संगनमताने केले, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. १ मार्च १८४५ रोजी तह झाला आणि बंड संपले. गॅरिबाल्डी तेव्हा तिथे नव्हता. तरी ज्या निशाणाखाली तो लढला त्याचा हा शेवट आहे.

मेणबत्ती नसलेले घर

१८४१ मध्ये त्याने रजा घेतली होती. सहा वर्षांच्या वणवणीनंतर बायको-मुलाला चार दिवस सुखाचे मिळावेत म्हणून. मोबदला म्हणून सुमारे नऊशे गुरे घेऊन तो उरुग्वेत माँतेविदेओकडे निघाला. वाटेत गुरे मेली, बुडाली, चोरीला गेली. हाती उरली ती काही कातडी. मग तो शाळेत गणित शिकवू लागला आणि फेरीवाल्यासारखा मालही विकू लागला. २६ मार्च १८४२ रोजी त्याने अनिताशी रीतसर लग्न केले.

पण उरुग्वेतही यादवी पेटली होती. १८४३ मध्ये माँतेविदेओला वेढा पडला आणि गॅरिबाल्डीने शहरातल्या स्थलांतरित इटालियनांची फौज उभी केली. गणवेशाला पैसे नव्हते. अर्जेंटिनाच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांसाठी आलेले लाल सदरे स्वस्तात मिळाले, तेच घातले. पुढे जगभर गाजलेला लाल सदरा तो हा. ८ फेब्रुवारी १८४६ रोजी सान अंतोनियो येथे आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या सैन्याशी ही फौज दिवसभर लढली आणि रात्री जखमींना घेऊन शिस्तीत मागे आली. फौजेला बक्षीस म्हणून जमिनी देऊ करण्यात आल्या, तेव्हा गॅरिबाल्डीने त्या नाकारल्या. ज्यांनी आसरा दिला त्यांच्यासाठी लढण्याचे दाम घ्यायचे नाहीत, अशी त्याची भूमिका होती. सांगतात की त्याच्या घरी रात्री दिवाही नसे, कारण शिपायाच्या शिध्यात मेणबत्त्या मिळत नसत.

पुढचे आपल्याला शाळेत शिकवले आहे. १८४८ मध्ये साठेक सोबती घेऊन तो इटलीला परतला. १८४९ मध्ये रोमच्या प्रजासत्ताकासाठी लढला, हरला. माघारीच्या वाटेवर ४ ऑगस्ट १८४९ रोजी गरोदर अनिता तापाने गेली. तिला पुरायलाही तो थांबू शकला नाही. पुन्हा देशोधडी, आणि म्हणून १८५० मध्ये स्टेटन आयलंड. जो कधी मेणबत्तीविना राहिला, तो इथे मेउच्चींच्या कारखान्यात मेणबत्त्या करत होता.

आणि मे १८६०. सुमारे हजार स्वयंसेवक, लाल सदरे, जुन्या बंदुका. सिसिलीत उतरून चार महिन्यांत तो नेपल्सला पोचला. राजाची फौज त्याच्या कितीतरी पट होती. जिंकलेला सारा दक्षिण भाग त्याने राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या हवाली केला आणि बियाण्याचे पोते घेऊन काप्रेरा बेटावर आपल्या शेतात परतला. तिथेच २ जून १८८२ रोजी तो वारला.

अमेरिकेशी त्याचा आणखी एक धागा आहे. १८६१ मध्ये इथे यादवी सुरू झाली तेव्हा लिंकनच्या सरकारने त्याला सेनानीपद देऊ केले. त्याने सर्वोच्च सेनापतीपद मागितले, आणि गुलामगिरी नष्ट करण्याची घोषणा आधी करा असेही सांगितले. सरकार तेव्हा त्याला तयार नव्हते, बोलणे तिथेच थांबले. आम्हाला वाटते, काळ्या भालाइतांना तो विसरला नसावा.

तर त्या मुलीचा प्रश्न. ब्राझीलमध्ये तो हरला, हे खरेच. पण तंबू आणि सामानसुमानाशिवाय कूच करणे, थोड्या माणसांनी पुष्कळांना झुलवणे, हरलेल्या सैन्याला विस्कटू न देता मागे आणणे, हे सारे तो त्या लक्तरवाल्यांकडून शिकला आणि पुढे तेच आपल्या देशाच्या कामी आणले. दुसऱ्यांच्या भांडणात का पडला, याचे उत्तर आम्हाला एवढेच देता येते की जिथे भाकरी आणि आसरा मिळाला ती माणसे त्याला दुसरी वाटली नाहीत. आणि तिथे राहून तो घर विसरलाही नाही. आपणही दोन देशांत पाय ठेवून उभे आहोत. दोन्हीकडचे देणे असते, आणि ते द्यायला हिशेबाची वही लागत नाही, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे.

हे सगळे आम्ही तिला पुढच्या भेटीत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले की त्या भालाइतांची नावे कोणाला माहीत आहेत का. आमच्याकडे उत्तर नव्हते.



आपले,
संपादक मंडळ